म्हशी बाहेर गेल्या आणि गवत माजलं: केवलादेवच्या पाणथळीचं प्रकरण

१९८२ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी झाली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आल्या होत्या. गावकरी विरोधाला उभे राहिले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. बंदी मात्र कायम राहिली. तिच्यामागचा हिशेब सरळ होता: म्हशी पाण्यात धुडगूस घालतात, पक्ष्यांचं खाणं तुडवतात, त्या गेल्या की पाणथळ सुधारेल. पुढच्या काही वर्षांत पाणथळ गवताने भरून गेली आणि उघड्या पाण्याची जागा कमी होत गेली. परिसंस्थेतला एखादा जुना त्रास काढून टाकणं हाही तिला बसलेला धक्काच असतो, हे दाखवणारं भारतातलं इतकं नीट नोंदलेलं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल.

नीट नोंदलेलं, कारण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० सालीच तिथे दीर्घकालीन अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो १९९० पर्यंत चालला. त्यामुळे बंदीच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची आठ वर्षं एकाच चमूच्या नोंदीत आली. चराई थांबवावी, असं बंदीच्या आधी सलीम अलींसह बहुतेक पक्षितज्ज्ञांचं मत होतं. दहा वर्षांच्या शेवटी याच सोसायटीच्या अभ्यासाने म्हशींना मर्यादित प्रमाणात परत येऊ द्यावं, असं सुचवलं.

मुळात ही जागा बांधलेली

केवलादेवला ‘अस्पर्श निसर्ग’ समजणं हीच पहिली चूक. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी साठणारा तो खोलगट भाग. अठराव्या शतकात भरतपूरचा राजा सूरजमलच्या काळात अजान बांध झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने तिथे बांध, चर आणि झडपांची व्यवस्था उभी केली, तीही बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो आले, तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद उद्यानातल्या दगडावर आजही कोरलेली आहे. पुढे १९५६ साली अभयारण्य, १९८१ साली रामसर स्थळ (पाणथळींसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत), १९८२ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ साली जागतिक वारसा. एकूण क्षेत्र २,८७३ हेक्टर, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग पाण्याखाली जाणारा. सभोवार दोन मीटर उंचीची भिंत आणि भिंतीला लागून दीडेक डझन गावं.

वर्षाचं चक्र असं: जुलै ते सप्टेंबरमध्ये अजान बांधातून पाणी सोडलं जातं, बांधांनी पाडलेले तळ्याचे कप्पे एक ते दोन मीटरपर्यंत भरतात. त्याच काळात पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे आणि बगळ्यांची घरटी होतात. ऑक्टोबरपासून बदकं आणि हंस उतरतात. फेब्रुवारीनंतर पाणी ओसरू लागतं आणि जूनमध्ये थोडी डबकी उरतात. हे सुकणंही गरजेचं असतं. तळ उघडा पडला की साचलेला काडीकचरा हवेत कुजून संपतो, आणि पुढच्या भरतीला बी उगवायला जागा मिळते.

म्हणजे पाण्याची पातळी माणूस ठरवतो, झाडांचे उंचवटे माणसाने घातलेले आणि गवताची उंची म्हशी राखतात. या तीनांपैकी तिसरी गोष्ट १९८२ साली एका आदेशाने थांबली.

म्हैस पाण्यात काय करत होती

पॅस्पॅलम डिस्टिकम हे या प्रकरणातलं मुख्य पात्र. कोकणातला हरीक ज्या गटातला, त्याच गटातलं हे बारमाही गवत. जमिनीवर आणि पाण्यावर ते आडव्या खोडाने पसरतं, प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. पाणी चढलं की तेही चढतं आणि पृष्ठभागावर जाड चटई धरतं. गाय गुडघाभर पाण्यापलीकडे चरायला नाखूष असते. म्हैस मात्र पोटभर पाण्यात उभी राहून हे गवत खाते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ते सर्वांत जोमाने वाढतं.

तिचं काम चार प्रकारचं होतं. ती कोवळे शेंडे खाई, म्हणून चटई जमत नसे. ती चालली की वाटा पडत आणि त्या वाटांवर पाणी उघडं राही. ती लोळली की उथळ डबरी होत. पाणी ओसरताना मासे आणि किडे त्यांत गोळा होत, आणि बगळ्यांना ते आयतंच. चौथं म्हणजे शेण: गवतातलं पोषण थेट पाण्यात, तेही रोज थोडंथोडं. म्हशी होत्या तेव्हाही गवत होतंच, पण ते ठिगळाठिगळाने.

ठिगळं का महत्त्वाची, ते पक्ष्यांच्या सवयींतून कळतं. थापट्या आणि तलवार बदकांना उघडं पाणी लागतं, पट्टकादंबांना आखूड चरलेलं गवत. सायबेरियन क्रौंच उथळ पाण्यातल्या चिखलातून लव्हाळ्याचे कंद उकरून खात. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांना पाण्याखालच्या वनस्पती हव्यात. याउलट जांभळी पाणकोंबडी दाट झाडीत सुखी असते. सगळ्यांना एकाच तळ्यात जागा मिळते ती तळं एकसारखं नसेल तेव्हाच.

बंदीनंतर काय झालं, कोणत्या क्रमाने

आधी गवत उंच झालं, नंतर दाट झालं, आणि मग चटया एकमेकींना जोडल्या गेल्या. चटईखाली उजेड पोचेना, म्हणून पाण्याखालच्या वनस्पती मागे हटल्या. त्यांच्यासोबत त्यांच्यावर जगणारे किडे आणि गोगलगायी. गवताचं न खाल्लेलं वस्तुमान हिवाळ्यात मरून पाण्यात कुजू लागलं. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, सर्वांत जास्त पहाटेच्या आधी. माशांच्या पिल्लांना हे सोसत नाही. न कुजलेला भाग तळाशी बसून दरवर्षी तळ थोडा वर आणतो. तळ वर आला की तेवढ्याच पाण्यात खोली कमी, आणि कमी खोली या गवताला आणखी मानवते.

हे शेवटचं वळण फार महत्त्वाचं. एकदा इथवर आलं की गवत स्वतःला हवी तशी जागा स्वतःच घडवू लागतं, आणि केवळ जुनी कारणं परत आणून जुनी अवस्था परत येत नाही. दाट, जून, चोथट झालेल्या चटईत म्हशी सोडल्या तरी त्या आधी कडेचं कोवळं खातात, मधलं तसंच राहतं. म्हणून उशीर जितका, तितकं आधी हाताने वा यंत्राने उघडावं लागतं आणि मग म्हशींनी राखावं लागतं.

कोरड्या भागातही फरक पडला. वाळा आणि इतर उंच गवतं चरली-कापली न गेल्यामुळे उन्हाळ्यात वाळून उभी राहिली, म्हणजे वणव्याला इंधन.

या अभ्यासाची एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. बंदी सगळ्या उद्यानात एकाच दिवशी आली, त्यामुळे तुलनेसाठी चराई चालू ठेवलेला भाग उरला नाही. मधल्या काळात पाऊसही सारखा नव्हता. १९८७ चा दुष्काळ याच दशकातला. तरीही गवताच्या बाबतीत निष्कर्ष भक्कम मानावा, कारण कार्यकारणाची साखळी प्रत्येक दुव्यावर दिसते. एखाद्या पक्ष्याच्या संख्येबद्दल तितक्या खात्रीने बोलता येत नाही.

सायबेरियन क्रौंचाचंच घ्या. १९६० च्या दशकाच्या मध्यात केवलादेवला सुमारे २०० क्रौंच येत. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली आणि नंतर कोणी आलंच नाही. म्हशी काढल्या म्हणून क्रौंच गेले, असं अनेकदा लिहिलं जातं. पण घसरण बंदीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि सायबेरियापासूनच्या स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः अफगाणिस्तान-पाकिस्तानात होणारी शिकार हे तिचं मोठं कारण मानलं जातं. गवताने उरल्यासुरल्यांची खाण्याची जागा कमी केली, एवढंच म्हणणं रास्त. त्यापुढे जाणारं विधान ऐकायला बरं वाटतं, पण पुराव्यापेक्षा ते मोठं आहे.

याच नोंदींचा एक अनपेक्षित उपयोग झाला. १९८० च्या दशकातल्या गिधाडांच्या मोजण्या हाताशी होत्या, म्हणून सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना १९९० च्या दशकात त्याच उद्यानात गिधाडांची प्रचंड घट झालेली दिसली. भारतातल्या गिधाडांच्या ऱ्हासाची पहिली ठोस नोंद ती. पुढे डायक्लोफेनॅक हे गुरांचं औषध कारण ठरलं आणि २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली.

कापून का भागलं नाही

म्हशींऐवजी माणसांनी गवत कापावं, हा तोडगा लगेच पुढे आला आणि गावकऱ्यांना गवत नेण्याची परवानगीही मिळाली. तो का तोकडा पडतो, हे साध्या हिशेबाने कळेल. ४५० किलोची म्हैस दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे ९ किलो कोरडा चारा खाते. शंभर म्हशी, चार महिने, आणि त्यातला निम्माच चारा पाणथळीतला धरला तरी ५४ टन कोरडं गवत होतं. पाणगवतात ८० टक्के पाणी धरलं, तर हिरवं २७० टन. एका माणसाचा भारा ३५ किलोचा धरा: साडेसात हजारांहून जास्त भारे, तेही कमरेएवढ्या पाण्यातून काठावर आणलेले. शिवाय कापणारा माणूस काठावरचं, सोयीचं, लांब गवत निवडतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला घरच्या गुरांसाठी चारा हवा असतो, तळ्याची देखभाल त्याचं काम नव्हे.

यंत्राने खरवडलं तर वेगळ्या अडचणी. उन्हाळ्यात कोरड्या तळावरून यंत्र फिरवलं की गवतासोबत वरचा थर जातो. त्यात लव्हाळ्याचे कंद, कमळवर्गीय वनस्पतींचे गड्डे आणि सुप्त बी असतं. आणि पाण्यात कापलं तर तुटलेलं प्रत्येक पेर नवं रोप होतं. कापलेलं सगळं त्याच दिवशी बाहेर काढून उंच जागी टाकलं नाही, तर ते कापणं म्हणजे लागवडच. योग्य वेळ पाणी चढण्याच्या ऐन आधीची: जूनमध्ये जमिनीलगत कापायचं आणि पंधरा दिवसांत वर किमान ६० सेंटिमीटर पाणी आणायचं, म्हणजे कोवळ्या फुटव्याला हवेपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि साठा संपतो. पण त्यासाठी पाणी ठरल्या दिवशी यायला हवं, आणि केवलादेवमध्ये नेमकं तेच बिघडलं.

पाणी गेलं तेव्हा

उद्यानाला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट, म्हणजे साडेपंधरा दशलक्ष घनमीटर पाणी लागतं. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि २००४ नंतरच्या काही वर्षांत अजान बांधाकडे पाणी येणं जवळपास थांबलं. बाभळींवरच्या वसाहती ओस पडल्या. पुढे चंबळचं पाणी नळाने आणि गोवर्धन नाल्याचं पुराचं पाणी वळवून काही भरपाई झाली. पाणी मोजायला ते पुरेसं वाटेल, पण नदीच्या पुरासोबत माशांची पिल्लं, बी आणि गाळातलं पोषण येत असे. नळाचं पाणी कप्पा भरतं, त्यात खाणं आणत नाही.

कोरड्या पडलेल्या तळात विलायती बाभूळ घुसली. ती काढण्याचं काम गावांतल्या लोकांना बरोबर घेऊन झालं: झाड मुळासकट काढायचं आणि लाकूड काढणाऱ्याने न्यायचं. १९८२ पासून भिंतीबाहेर ठेवलेली माणसं पाव शतकाने त्याच भिंतीच्या आत कामाला आली, हा भाग अहवालांत फारसा ठळक नसतो. यातही एक खाच आहे. विलायती बाभूळ जमिनीलगत कापली तर बुंध्यातून दुपटीने फुटते. मुळाचा वरचा फूटभर भाग खणून काढावा लागतो आणि शेंगा पिकण्याआधी काम संपवावं लागतं. शेंगा नीलगायींनी किंवा भटक्या गुरांनी खाल्ल्या की शेणातून बी सगळीकडे. त्यापाठोपाठ विदेशी मांगूर आला. हा मासा उथळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तगतो, म्हणजे गवताने बिघडवलेली जागा त्याला आयतीच. तो इतर मासे आणि पक्ष्यांची पिल्लंही खातो. गवत, दुष्काळ, बाभूळ, मांगूर ही वेगवेगळी संकटं म्हणून मोजली जातात, पण प्रत्येकाने पुढच्याला वाट करून दिली.

म्हशी परत का आल्या नाहीत

अडचण कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३५(७) नुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरांची चराई चालत नाही, त्यांना आत येण्याचीही परवानगी नाही. त्यात व्यवस्थापनाला सवड नाही. अभयारण्यासाठी मात्र कलम ३३ आहे: तिथे मुख्य वन्यजीव रक्षक वन्यजीवांच्या हिताप्रमाणे चराईचं नियमन करू शकतात, ती मर्यादित ठेवू शकतात किंवा थांबवू शकतात. एखाद्या पाणथळीचा दर्जा ‘वाढवून’ राष्ट्रीय उद्यान करण्याची मागणी होते, तेव्हा हा फरक आधी टेबलावर ठेवावा. दर्जा वाढतो आणि हातातलं एक अवजार कायमचं जातं.

महाराष्ट्रात हा मुद्दा दोन ठिकाणी थेट लागू होतो. साताऱ्याच्या कास पठारावर तारेचं कुंपण घातलं गेलं आणि काही वर्षांनी ते काढण्यात आलं. चराई थांबल्याने गवत वाढून फुलं दबतात, हा मुद्दा त्या चर्चेत होता. दुसरं ठिकाण नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. त्याला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात, पण भरतपूरचं औषध तिथे डोळे मिटून देऊ नये. गोदावरीच्या पाण्यात जलपर्णी वाढते ती वरून येणाऱ्या सांडपाण्यावर आणि खतांवर. म्हैस जलपर्णी आवडीने खात नाही, आणि खाल्ली तरी तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. तिथलं सुदैव एवढंच की ते अभयारण्य आहे, म्हणजे कलम ३३ ची सवड शिल्लक आहे.

चराई बंद वा कमी करण्याआधी करायची चाचणी

केवलादेवमध्ये जी तुलना राहून गेली, ती फार खर्चाची नाही. १० × १० मीटरचे जोडतुकडे घ्यावेत, एक कुंपणातला आणि शेजारचा उघडा. उथळ (३० सेंटिमीटरपर्यंत), मध्यम (६० पर्यंत) आणि खोल अशा तीन पट्ट्यांत प्रत्येकी किमान तीन जोड्या. तुकडे नकाशावर आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावेत, नाहीतर मोजणाऱ्याचे पाय आपोआप सोयीच्या काठाकडे वळतात.

कुंपणाला काटेरी तार वापरू नये, उडत्या पक्ष्यांचे पंख अडकतात. साधी तार, चार पदर, सर्वांत खालचा पदर पाण्याच्या पातळीच्या ४० सेंटिमीटर वर, म्हणजे बदकं आणि मासे मोकळे राहतात. बांबूचे खांब पाण्याच्या रेषेवर एका पावसाळ्यात कुजतात, म्हणून सिमेंटचे. खांबांवर बगळे आणि पाणकावळे बसतात आणि त्यांची विष्ठा तुकड्यात पडते. त्या खतानेच कुंपणातलं गवत वाढलं तर निष्कर्ष फसतो. उपाय दोन: उघड्या तुकड्याच्या कोपऱ्यांवरही तसेच खांब रोवायचे आणि मोजताना कडेचा एक मीटर सोडायचा.

ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन फेऱ्या. प्लास्टिकच्या नळीची १ × १ मीटरची तरंगती चौकट प्रत्येक तुकड्यात पाच ठिकाणी ठेवून उघडं पाणी किती टक्के, कोणती वनस्पती किती टक्के, खोली किती, हे लिहायचं. चौकटीच्या कोपऱ्यातला २५ × २५ सेंटिमीटरचा भाग कापून, धुऊन, ७० अंशांवर ४८ तास वाळवून वजन. भट्टी नसेल तर उन्हात, लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरेपर्यंत. विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाआधी मोजावा. दुपारी मोजला तर आकडा फुगलेला येतो. पहाटे तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागला, तर मासे अडचणीत आहेत.

किमान दोन पावसाळे. एका वर्षात दिसतो तो बहुधा पावसाचाच परिणाम.

या काळात गुरांची संख्या शून्यावर आणू नये. आधी आज प्रत्यक्ष किती येतात ते मोजावं, महिन्यातून चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हशी आणि गाई वेगळ्या. कमी करायची ठरलीच तर दरवर्षी चौथाईने, आणि प्रत्येक कपातीनंतर वरच्या तीन फेऱ्या पूर्ण झाल्यावरच पुढची. जुलै ते ऑक्टोबर घरट्यांच्या झाडांखालचे कप्पे बंद ठेवावेत, आणि मार्च ते मे बेटांवर जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या आणि नदीसुरयांसाठी ती बेटं. आत येणाऱ्या प्रत्येक गुराला मे-जूनमध्ये घटसर्प आणि लाळ्या-खुरकुताची लस टोचलेली असावी. जंताचं औषध दिलेलं जनावर दोन आठवडे बाहेरच ठेवावं, कारण शेणातून उतरणारं औषध शेणकिडे मारतं आणि मग शेण पाण्यात नुसतं साचतं. पशुपालकांशी हे ठरवायचं तर कप्प्यांचा नकाशा, तारखा आणि गुरांची संख्या ग्रामसभेत वाचून घ्यावी. भिंत बांधून झाल्यावर ही बोलणी सुरू केली तर समोर बसायला फारसं कोणी येत नाही.